विश्वासू माणूस हवाय? मग नंबर टाका आणि बघा गंमत!

परवा सिंकखालचा पाइप फुटला. मेन कॉक बंद केला, बादली लावली आणि शहाण्यासुरत्या माणसाने करावं तेच केलं: ऑनलाइन डिरेक्टरी उघडली. त्यातून जे ज्ञान पदरात पडलं ते एकटीनेच भोगणं बरं नव्हे. तेव्हा तुमच्याकडे काहीही गळो, तुंबो, जळो. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, कुलूपवाला, कोणीही हवा असो, पुढचे सल्ले मनापासून पाळा.

यादीत जो सगळ्यात वर, तोच सगळ्यात चांगला. नावाशेजारी फिकट, बारीक अक्षरांत 'प्रायोजित' असं काहीतरी असतं, ते वाचायला जाऊ नका. उगाच डोळ्यांना ताण. वर चढून बसण्याची ही कला काही आजची नाही. १८७८ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवनला पहिली टेलिफोन डिरेक्टरी निघाली तेव्हा ती एका पुठ्ठ्यावर मावत होती, जेमतेम ५० नोंदी. पुढे धंद्यांची जाडजूड यलो पेजेस आली, त्यात नावं वर्णानुक्रमाने लागायला लागली, आणि हुशार मंडळींनी धंद्याचं नावच 'एएए' (AAA) अमुकतमुक ठेवून पहिला नंबर पटकावला. नळ दुरुस्त करता येण्याचा वर्णमालेशी काय संबंध, असं तेव्हाही कोणी विचारलं नाही. आता वर्णमालेची जागा पैशाने घेतलीय आणि 'एएए'ची जागा 'प्लंबर नियर मी'ने. हो, या नावाचे धंदे यादीत असतात! पाटीवर हे नाव कुठेच सापडत नाही, कारण पाटी लावायला दुकानच नसतं.

'व्हेरिफाइड'ची खूण दिसली की डोळे मिटून बोलवा. त्या माणसाला ओटीपी टाकता येतो, एवढं तरी नक्की झालेलं असतं.

फोटोतला तो स्वच्छ गणवेशातला, हसरा, चकचकीत पाना धरलेला गृहस्थ येईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. इतक्या प्लंबरांच्या पानांवर तो एकटाच राबतोय, दमला असेल बिचारा.

ताऱ्यांवर तर पूर्ण श्रद्धा हवी. चार पूर्णांक नऊ म्हणजे चार पूर्णांक नऊच. 'उत्तम सेवा', 'खूप छान काम', 'वेळेवर आले' असे दोन-तीन शब्दांचे अभिप्राय एकाच आठवड्यात धडाधड पडलेले दिसले, तर त्या आठवड्यात गावातले सगळे पाइप एकदम फुटले असतील असं समजा. २०१७ साली लंडनमध्ये ऊबा बटलर नावाच्या पत्रकाराने घरामागच्या शेडला रेस्टॉरंट म्हणून ट्रिपअॅडव्हायझर या हॉटेलांच्या अभिप्रायांच्या साइटवर चढवलं. स्वयंपाक नाही, गिऱ्हाईक नाही, पदार्थांच्या फोटोंत दाढीचा फेस. मित्रमंडळींनी खोटे अभिप्राय लिहिले आणि ती शेड चक्क लंडनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. लोक टेबल मिळावं म्हणून फोन करत होते! गूगलच्याच सांगण्यानुसार त्यांनी २०२३ मध्ये नकाशावरचे १७ कोटींहून जास्त नियमबाह्य अभिप्राय अडवले किंवा काढले, आणि खोटी बिझनेस प्रोफाइलं १ कोटी २० लाख. हे पकडले गेलेले. निसटलेले तुमच्या सिंकखाली.

आता मुख्य सल्ला. पान उघडल्या उघडल्या एक चौकट समोर येईल: 'उत्तम दर मिळवा, फक्त मोबाइल नंबर द्या'. द्या. ती चौकट बंद करायची फुली कुठे आहे ते शोधण्यात वेळ घालवू नका, ती सापडू नये यासाठी कोणीतरी पगार घेतं. नंबर टाकला की फोन येतो. 'वा, काय तत्पर सेवा!' असं मनात येतंय तोवर दुसरा येतो. पहिल्याशी बोलताना तिसरा वेटिंगवर. एक जण विचारतो, 'मॅडम, एरिया कुठला?' पत्ता ऐकून म्हणतो, 'तिकडे आमचा माणूस नाही.' मग तुमचं पान 'तुमच्या अगदी जवळ' असं का ओरडत होतं? दुसऱ्याला पाइपात रस नाही, त्याला अख्खं बाथरूम उखडून नवं करून द्यायचंय. तिसरा प्लंबर नाहीच. तो कुठल्याशा कॉल सेंटरातून बोलतोय आणि 'कम्प्लेंट रजिस्टर' करून घेतोय. चौथी बाई विचारते, टाकी साफ करायची होती ना? नव्हती हो बाई. पाइप दुरुस्त झाला, बादली जागेवर गेली, तरी फोन चालूच. रात्री जेवताना. मीटिंगमध्ये. आणि मग पॅकर्स अँड मूव्हर्स, मॉड्युलर किचन, पर्सनल लोन. पाइप फुटलेल्या बाईला कर्ज लागेल हे यांना कोणी सांगितलं? नंबर ब्लॉक करावा तर दुसऱ्या नंबरावरून तोच आवाज, तेच 'मॅडम, आपण इन्क्वायरी केली होती'. केली होती! एकदा! एका पाइपासाठी!

जो प्लंबर शेवटी आला त्यानेच काम करता करता सांगितलं. माझी चौकशी म्हणजे एक 'लीड'. ती एकट्या त्याला दिलेली नव्हती, डिरेक्टरीवाल्यांनी ती त्याच्यासारख्या बऱ्याच जणांना एकदमच विकली होती. काम मिळो न मिळो, लीडचे पैसे कापले जातात. मग ते पैसे तो कुठून काढणार? माझ्याच बिलातून. म्हणजे माझा नंबर विकायचा, त्याचे पैसे यांनी घ्यायचे आणि ते भरायचे मी! वर जो इमानदार कारागीर हे पैसे भरत नाही तो यादीत पाचव्या-सहाव्या पानावर, जिथे कोणी फिरकत नाही. आणि हे म्हणे 'विश्वासू सेवा शोधून देतात'.

असो. सल्ले चालू ठेवते.

फोनवर सांगितलेला दर ही काळ्या दगडावरची रेघ समजा. कुलूपवाल्यांची ही युक्ती तर देशोदेशी माहीत आहे: फोनवर अगदी किरकोळ दर, आणि दारात आल्यावर 'हे कुलूप स्पेशल आहे, ड्रिल मारावं लागेल'. तुम्ही जिन्यात उभे, किल्ली आत. घासाघीस कराल?

वाईट अनुभव आला तर एक तारा देऊन बघा. अभिप्राय 'धोरणाविरुद्ध' म्हणून गायब होईल किंवा त्याच माणसाचा फोन येईल. तुमचं घर त्याने पाहिलेलं आहे, एवढं बोलताना लक्षात असू द्या.

कायद्यावरही भरवसा ठेवा. अमेरिकेत खोटे अभिप्राय विकत घेण्या-देण्याला बंदी करणारा नियम ऑक्टोबर २०२४ मध्ये लागू झाला, ब्रिटनमध्ये बंदी एप्रिल २०२५ मध्ये आली. आपल्याकडे त्याही आधी, २०२२ मध्येच, भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढलं. पाळायचं की नाही हे मात्र ज्याचं त्याने ठरवायचं, असं ते ऐच्छिक ठेवलं. चोराला विचारून कुलूप लावण्यातला हा प्रकार.

बास. आता गोड बोलणं जमत नाही.

अहो डिरेक्टरीवाले, ज्याच्या ओळखीपाळखी आहेत त्याला तुमची गरजच नाही. तो शेजारी विचारतो, ऑफिसात विचारतो, माणूस मिळवतो. तुमच्या दारात येतो तो नव्या शहरात कालच उतरलेला, एकटी राहणारी मुलगी, मुलं परदेशात असलेले आजी-आजोबा. ज्यांना विचारायला कोणी नाही ते. यांच्यासाठी चांगली यादी म्हणजे मोठा आधार झाला असता. आणि तुम्ही नेमके यांनाच विकता? ज्याच्या घरात पाणी शिरलंय त्याची घाई हा तुमचा माल?

तुम्हाला काही जमत नाही असं नाही. पैसे थकवले की नोंद एका रात्रीत खाली ढकलता येते ना? मग दिलेल्या पत्त्यावर दुकान आहे का हे पाहायला कोणाला पाठवता का येत नाही? अभिप्राय लिहिणाऱ्याने खरंच काम करून घेतलं का हे विचारता का येत नाही? एक चौकशी एकालाच द्या, बाकीच्यांना मी सांगेन तेव्हा. काम झालं म्हटलं की माझा नंबर पुसून टाका. यात कुठलं तंत्रज्ञान अडतंय?

आणि मामेभावाच्या नव्या धंद्याला काम न बघता पाच तारे ठोकणारे तुम्ही, तुम्हीही यातलेच आहात. घरबसल्या भाऊबंदकी निभावता, भुर्दंड तिसऱ्याला.

तक्रार करावी म्हणून त्या डिरेक्टरीचं पान वरपासून खालपर्यंत पाहिलं. एक चॅटबॉट भेटला, तोही नंबर मागत होता. साऱ्या शहराचे फोन नंबर बाजारात मांडून बसलाय ना, मग तुमचा स्वतःचा नंबर कुठे आहे? तो का नाही लिहीत?