शाळांचा पैसा वाचवावा कसा? होतकरू अर्थमंत्र्यांसाठी सात युक्त्या

परवा आमच्या जिल्हा परिषद शाळेची वीज तोडली. वायरमन ओळखीचाच. खांबावर चढण्याआधी म्हणाला, ‘ताई, वरून यादी आलीय, माझा नाइलाज आहे.’ शाळा सरकारची, वीज कंपनी सरकारची, थकबाकी या दोघांमधली. वर्गणीची वही मात्र आमच्या गल्लीत फिरली. शाळा व्यवस्थापन समितीवर असल्याने ती फिरवायचा मान माझ्याकडे. एवढी सफाई ज्यांना जमते त्यांच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. उद्या तुमच्यापैकी कुणाच्या हाती राज्याची तिजोरी आलीच, तर हाताशी असावं म्हणून लिहून ठेवते.

भाषणाची सुरुवात जोतिबा-सावित्रीबाईंना वंदन करून करा, मध्ये एक कविता पेरा. बाकं वाजली की शिक्षण आटोपलं, रस्त्यांकडे वळायला मोकळे.

शिक्षणाचा आकडा नेहमी एकरकमी सांगा. त्यातून पगार आणि पेन्शन वजा जाता हातात काय उरतं, हे चुकूनही बोलू नका. महागाई भत्ता वाढला की आकडा आपसूक फुगतो आणि ‘शिक्षणासाठी भरीव तरतूद’ हा मथळा फुकटात मिळतो. पत्रे तेच राहतात, गळतातही तिथेच.

शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च व्हावा, असं कोठारी आयोगाने १९६६ साली लिहून ठेवलं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तेच ६ टक्के पुन्हा छापले. तुम्हीही छापा, शाईपलीकडे काही खर्च नाही.

निधी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सोडा. खर्च झाला नाही तर मुख्याध्यापक नालायक, झाला तर चौकशी.

जे फोटोत दिसतं त्यालाच पैसे द्या. संडासाला पाणी आणलं तर फोटो कशाचा काढणार? त्यापेक्षा भिंती बोलक्या करा, फाटकावर ‘डिजिटल शाळा’ अशी कमान उभारा. आमच्याकडे स्मार्ट टीव्हीसुद्धा आहे. बाईंनी त्यावर भरतकामाचा रुमाल टाकलाय, धूळ बसू नये म्हणून. त्याला वीज लागते ही फार तांत्रिक बाब झाली.

सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली गेला की शिक्षक शून्य करा. मार्च २०२४ च्या निर्णयाने ही सोय करून ठेवलीच आहे. शिक्षक नाहीत म्हणून पोरं जातील, पोरं गेली म्हणून शाळा जाईल. तुमचं नाव कुठेच येणार नाही.

आणि आता हुकमाचा एक्का: लोकसहभाग. नवशिक्यांनी हा आधी घोटून घ्यावा. जी गोष्ट द्यायची नाही तिच्यापुढे फक्त हा शब्द लिहायचा. आठवड्यातून एकदा पोषण आहारात पोरांना अंडं मिळायला लागलं होतं. त्याला लागत होते वर्षाला साधारण ५० कोटी. जानेवारी २०२५ मध्ये ते बंद केले आणि शाळांना सांगितलं, अंडं द्यायचं तर लोकसहभागातून द्या, खिरीतली साखरही तिथूनच आणा. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात पवनार ते पत्रादेवी ८६,३०० कोटींचा शक्तिपीठ महामार्ग होता. कोल्हापूरकडचे शेतकरी नको नको म्हणत रस्त्यावर उतरले, तरी होता. त्याला नाही कुणी म्हणालं, लोकसहभागातून करा म्हणून! मंत्र्यांच्या बंगल्यांच्या रंगरंगोटीला कधी वही फिरली? गाड्यांच्या ताफ्याच्या डिझेलला फिरली? वर्षाला शाळेला ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेचं अनुदान किती, तर तीसपर्यंत पट असेल तर १० हजार, शंभरपर्यंत २५ हजार. त्यात खडू, झाडू, फिनेल, नळाची तोटी, खिडकीची काच आणि विजेचं बिल. त्यातलेही दहा टक्के स्वच्छतेला बाजूला काढायचे. तेवढ्यात चालवून दाखवा ना एक वर्ष तुमचं दालन!

वही घेऊन फिरताना एका मावशींच्या दारात थांबले होते. खुरपणीवरून नुकत्याच आलेल्या, हात मातीचे. घरात शाळेत जाणारं एकही पोर नाही. तरी कनवटीची वीसची नोट काढून दिली आणि म्हणाल्या, ‘शाळा सरकारी हाय न्हवं? मग ही वही का?’ मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही द्या.

म्हणजे लाज कशी ती नाहीच का तुम्हाला? सहा ते चौदा वर्षांच्या पोरांना मोफत शिक्षण हा कायदा आहे, १ एप्रिल २०१० पासून. मोफत म्हणजे शेतमजुराच्या विसाच्या नोटेवर चालणारं नव्हे. आणि गावातल्या शहाण्यांनो, तुम्हीही हसू नका. देवळाच्या कळसाला आकडे पुकारून वर्गणी देता, पोरं पिवळ्या बसमधून इंग्लिश मीडियमला धाडता आणि झेडपीच्या शाळेत काय राहिलंय म्हणून वर आम्हालाच विचारता. मत मागायला येतात तेव्हा एकाने तरी शाळेच्या बिलाचं विचारलं का? सभामंडप मागितलात, पेव्हर ब्लॉक मागितलेत, मिळाले.

वर्गणीतून या वेळची थकबाकी भरली जाईल, दिवेही लागतील. पुढच्या वेळी मी वही घेऊन फिरणार नाही. बिल थेट आमदारांच्या टेबलावर ठेवीन आणि पावती मागेन. सोबत यायचं असेल तर या, नाहीतर निदान व्हॉट्सअॅपवर ‘शाळा वाचवा’चे फॉरवर्ड पाठवणं तरी बंद करा.