कर्नल ह्यूजेस यांना मी नायक का मानत नाही

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या विधिमंडळाच्या १८९३च्या अधिवेशनावरील माझ्या लेखावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. गव्हर्नरचा हुकूम धुडकावणाऱ्या, राज्याच्या फौजेतल्या कर्नल ह्यूजेस यांनी लोकशाही वाचवली आणि मी त्यांना न्याय दिला नाही, हा पहिला. ते अधिवेशन निव्वळ वाया गेलं, हा दुसरा.

आधी ह्यूजेस. तिथल्या प्रतिनिधी सभागृहात १२५ जागा. निवडून आल्याची प्रमाणपत्रं रिपब्लिकनांकडे जास्त होती. शेतकऱ्यांच्या बळावर उभ्या राहिलेल्या पॉप्युलिस्टांचं म्हणणं, त्यातली काही लबाडीची आहेत, वाद मिटेपर्यंत त्या सदस्यांनी मत देऊ नये. जानेवारीत एकाच दालनात दोन अध्यक्ष बसले, रिपब्लिकनांचे डग्लस आणि पॉप्युलिस्टांचे डन्समोर. गव्हर्नर ल्यूएलिंग यांनी डन्समोर यांच्या सभागृहाला मान्यता दिली. १५ फेब्रुवारीला रिपब्लिकनांनी घणाने दार फोडून दालनाचा ताबा घेतला. त्यांना बाहेर काढा, असा हुकूम राज्याच्या फौजेला गेला आणि ह्यूजेस यांनी तो पाळला नाही.

तुम्ही म्हणता, पुढे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रिपब्लिकनांचंच सभागृह खरं ठरवलं, म्हणजे ह्यूजेस बरोबर होते. पण तारखा पाहा. निकाल २५ फेब्रुवारीचा, तोही दोन विरुद्ध एक. १५ तारखेला कोणत्याही न्यायालयाने काही म्हटलेलं नव्हतं. त्या दिवशी खरं सभागृह कोणतं, हे एका फौजी अधिकाऱ्याने स्वतःच ठरवलं, आणि तो अधिकारी कट्टर रिपब्लिकन होता. निवडून आलेल्या माणसांवर बंदूक रोखायला मन धजत नाही, हे मी समजू शकतो. तसं असेल तर राजीनामा द्यावा. हाताखाली शिपाई ठेवून हुकूम नाकारायचा, हे मला भयंकर वाटतं. उद्या उलट्या मताचा कर्नल त्याच जागी बसला तर त्याला कोणत्या तोंडाने अडवणार?

रक्तपात टळला याचं मोठं श्रेय मी वाटाघाटींना देतो. पॉप्युलिस्ट दुसऱ्या जागी बसायला तयार झाले, आणि निकाल विरुद्ध गेल्यावर मुकाट्याने मूळ सभागृहात परतले. निकाल कायद्याने योग्यच होता, असं माझंही मत आहे. प्रमाणपत्र असलेल्याला आधी बसू द्यावं, तक्रार नंतर तपासावी. म्हणूनच हरलेल्या बाजूने तो मानला, याचं मोल मला ह्यूजेस यांच्या नकाराहून कितीतरी जास्त वाटतं. लष्करी न्यायालयाने पुढे त्यांना बडतर्फ केलं, तेही मला गैर वाटत नाही.

आता वाया गेल्याचं. वेळ बराच गेला, हे कबूल. पण गुप्त मतदानाचा कायदा याच अधिवेशनाने केला. स्त्रियांना पूर्ण मताधिकार देणारी घटनादुरुस्तीही इथूनच जनतेपुढे गेली. १८९४ मध्ये ती फेटाळली मतदारांनी, विधिमंडळाने नव्हे.