पाट आमच्याकडे आधीपासूनच होता

‘१८५६च्या कायद्यानेच हिंदू विधवांना पुनर्विवाहाची वाट मोकळी झाली’ हे वेगवेगळ्या धर्मांतल्या पुनर्विवाहावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य खटकलं. कुठल्या विधवांना? आमच्याकडे, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी जातींत, पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, लागायचाच. माझ्या पणजीचा लागला होता. उलट त्याच कायद्याच्या कलम २ने पुन्हा लग्न करणाऱ्या बाईचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क काढून घेतला. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केलं ते मोठं धाडसच, पण तो सगळ्या हिंदूंचा इतिहास नव्हे.

मुस्लिम विधवेची चार महिने दहा दिवसांची इद्दत (पुन्हा लग्न करण्याआधी थांबायचा काळ), कॅथलिकांना घटस्फोटानंतरही चर्चकडून आधीचं लग्न रद्दबातल ठरवून घ्यावं लागणं, हे लेखात नीट आलंय. विधवेच्या नवऱ्याच्या मिळकतीतल्या हिश्श्याबद्दल मात्र एक ओळ नाही! धनकवडीत राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीने नवरा गेल्यावर तीन वर्षांनी पुन्हा लग्न ठरवलं, तर सासरच्यांनी चहा संपायच्या आत हक्कसोडपत्र पुढे केलं. ‘दुसऱ्याचं कुंकू लावणार, मग या फ्लॅटवर तुझा काय हक्क?’ पोरगी सही करणारच होती, पेन हातात होतं. १९५६च्या वारसा कायद्याने नवऱ्याकडून मिळालेला हिस्सा नंतर लग्न केल्याने जात नाही, हे तिला वकिलाने सांगितलं तेव्हा ती तिथेच रडायला लागली.