भट्टीपाशी वाजणारा फोन
‘मायक्रोमॅनेज’ करणे म्हणजे बारकाईने लक्ष देणे, असा सोयीस्कर अर्थ आमच्या मालकांनी लावून घेतला आहे आणि कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, बावीस वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला तो दिवसातून दहा वेळा फोनवर ऐकावा लागतो. लक्ष देणे वेगळे आणि कसबी माणसाचा हात धरून त्याच्याकडून काम गिरवून घेणे वेगळे. ‘मॅनेज’ या शब्दाचे मूळ घोडा हाताळण्यात आहे. पण घोडेस्वारसुद्धा प्रत्येक टापेला लगाम खेचत नाही.

काल साधारण १४०० अंशांचा लोखंडाचा रस लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, घेऊन आम्ही साच्यांच्या रांगेपाशी पोहोचलो, तोच मालकांचा फोन आला की आधी साच्यांचे फोटो पाठवा, मी सांगितल्याशिवाय ओतू नका. रस काही परवानगीसाठी थांबत नाही. तो निवत जातो, साच्याच्या पातळ कोपऱ्यांपर्यंत पोहोचत नाही आणि कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव नगाच्या, कडा अर्ध्याच भरतात. तसेच झाले. संध्याकाळी बाद झालेल्या सहा नगांपुढे उभे राहून त्यांनी मलाच विचारले, “तुमचे लक्ष असते कुठे?” (चहात साखर किती, हेही तेच ठरवतात, ते सोडा.)

तांबड्या रश्श्याच्या पातेल्यात कोणी दर पाच मिनिटांनी पळी घालू लागला, तर कोल्हापुरातला आचारी ती पळी त्याच्याच हाती देऊन घरी निघून जाईल. मला मात्र उद्या सकाळी आठ वाजता पुन्हा फोटो पाठवायचे आहेत.