यातल्या कुठल्या परत लावायच्यात?

दिवाळीच्या तोंडावर दुकान रंगवायला काढायचं, ही कल्पना माझी. ती किती महागात पडणार आहे, हे रंगाऱ्यानं स्टुलावर चढून पहिला प्रश्न विचारला तेव्हाच कळलं.

"शेठ, यातल्या कुठल्या फ्रेमा परत लावायच्यात?"

पुण्यात पेठेत आमचं किराणा दुकान आहे. आजोबांनी थाटलं, अण्णांनी वाढवलं, मी सांभाळतो. (अण्णांच्या मते 'सांभाळतो' हा शब्द जरा मोठाच आहे.) गल्ल्यामागे एक भिंत आहे असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय, पण तिचा रंग घरात कुणालाच सांगता येणार नाही. तिच्यावर चौदा फ्रेमा आहेत. एक लक्ष्मीची, एक आजोबांची, उरलेल्या बारा सरकारच्या.

"ज्या चालू असतील तेवढ्या ठेवू," रंगारी म्हणाला. "बाकीच्या काढून टाका. भिंत कशी मोकळी दिसेल."

अण्णा गल्ल्यावर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला, चष्मा काढला आणि "मोकळी?" एवढंच म्हणाले. डाळीच्या पोत्यात उंदीर सापडला होता तेव्हाही त्यांचा आवाज इतका चढला नव्हता.

सगळ्यात जुनी फ्रेम आजोबांच्या वेळच्या गुमास्त्याची, म्हणजे दुकानाच्या नोंदणीच्या दाखल्याची. कायद्याचं पूर्ण नाव मुंबई दुकाने व संस्था अधिनियम, १९४८, पण ते कुणी कधी उच्चारलं नाही. ज्या गुमास्त्यांसाठी तो केला, ते आमच्याकडे कधी दीडाच्या वर गेले नाहीत: एक नोकर आणि शाळेला सुट्टी असली की मी. तरी दुकान किती वाजता उघडायचं, किती वाजता मिटायचं, आठवड्यात कुठला वार बंद, सगळं तिथून ठरायचं. आमचा वार सोमवार. वेळ संपल्यावर गिऱ्हाईक आलं तर आजोबा सगळ्या फळ्या लावून एकच फळी मोकळी ठेवत, आणि त्या फटीतून काड्यापेटी, गूळ, वेळप्रसंगी पाच किलो ज्वारीसुद्धा बाहेर पडे. तपासणीचे साहेब आले की व्हिजिट बुकात शेरा लिहून जात. त्यातल्या एकांचं अक्षर इतकं देखणं होतं, की अण्णांनी ती वही मला कित्ता म्हणून गिरवायला दिली. 'सबब समज देण्यात येत आहे' हे वाक्य मी आजही डोळे मिटून झोकात लिहितो.

तो कायदा गेला. नवा आला २०१७ साली, १९ डिसेंबरपासून लागू. आता वर्षाचे ३६५ दिवस, चोवीस तास दुकान उघडं ठेवा, फक्त नोकराला आठवड्याची सुट्टी द्या. निरीक्षकाचं नावही बदललं, तो झाला 'सुविधाकार'. मी अण्णांना हे मोठ्यानं वाचून दाखवलं.

"माणूस तोच ना?" त्यांनी विचारलं.

"माणूस तोच."

"मग चहा नेहमीसारखाच सांग."

चोवीस तासांच्या मोकळिकीचं म्हणाल, तर आम्ही सोमवारी अजून बंद असतो. दुपारी एक ते चारबद्दल तर विचारूच नका; तो कधीच कायद्याचा विषय नव्हता.

पण याच कायद्यात आमच्यासाठी एक खरी मेजवानी होती. तेव्हाच्या नियमानं दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणीच नको. आपण धंदा करतोय एवढं ऑनलाइन कळवायचं, बस. मी खूश होऊन बँकेत गेलो. माल भरायला थोडी रक्कम उचलायची होती.

"गुमास्ता लायसन," काउंटरवरचा मुलगा म्हणाला.

"आता लागत नाही. कायदा बदलला."

"लागत नाही, असं कशावर लिहिलेलं आहे का?"

मी घरी आलो. ऑनलाइन कळवलं. म्हणजे कळवायला बसलो. ओटीपी अण्णांच्या मोबाइलवर जात होता आणि अण्णांचा मोबाइल, चोरीला जाऊ नये म्हणून, कपाटाच्या लॉकरमध्ये होता. तीन दिवसांनी एक पावती निघाली. तुम्ही कळवलंत, आम्हाला कळलं, अशा अर्थाची. ती घेऊन पुन्हा बँकेत.

"यावर मुदत कधी संपते ते नाही."

"मुदत संपायला हा परवाना नाहीच. ही पावती आहे."

"तसं नाही सर. एक्सपायरी डेट टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही."

दोघं तिघं जमले. मॅनेजरबाई आल्या. शेवटी त्या मुलानं सगळ्यांच्या साक्षीनं ३१ डिसेंबर २०९९ अशी तारीख टाकली आणि पान उघडलं. तेवढ्यात माझ्या मनात आलं, त्या दिवशी नूतनीकरणाला कोण जाणार? अण्णांनी मात्र परवाना लागत नाही याचा तो पुरावा त्याच संध्याकाळी फ्रेम करून आणला. जुन्या गुमास्त्याच्या शेजारी लावला. जुना काढा म्हटलं तर म्हणाले, "आणि उद्या कुणी तोच मागितला तर?"

यावर मला उत्तर सुचेना, आणि अजून सुचलेलं नाही. कायदा आला की कागद येतो. कायदा गेला की 'गेला' असं सांगणारा कागद कुणी पाठवत नाही. तो तिकडे मुंबईत किंवा दिल्लीत रद्द होतो, आमच्या खिळ्यावर तसाच लटकत राहतो.

रंगाऱ्यानं दुसरी फ्रेम काढली. विक्रीकराची. १९५९ चा कायदा. तिच्याशेजारी व्हॅटची, १ एप्रिल २००५. तिच्या खाली जीएसटीची, १ जुलै २०१७. तिन्हीवर नंबर आहेत आणि अण्णांना तिन्ही पाठ आहेत. माझी जन्मतारीख त्यांना पंचांग काढून बघावी लागते.

मग आली ती सागवानी चौकट. आख्ख्या भिंतीत सगळ्यात सुंदर. आत एलबीटीचा, म्हणजे स्थानिक संस्था कराचा दाखला. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: पूर्वी शहरात माल शिरताना नाक्यावर जकात भरायची. ट्रकांच्या रांगा लागत. पुण्यातली जकात उठली आणि १ एप्रिल २०१३ पासून तिच्या जागी एलबीटी आली. नाका उठून दुकानात आला, नोंदी व्यापाऱ्यानंच ठेवायच्या. व्यापाऱ्यांनी बंद पुकारला. आम्हीही शटर ओढलं. आजोबा असते तर त्यांनी एक फळी मोकळी ठेवली असती, पण शटरला फळी नसते. बंद मिटल्यावर अण्णांनी विचार केला, एवढा गाजावाजा झालाय म्हणजे हा कर शंभर वर्षं टिकणार, आणि सागवान घेतला. १ ऑगस्ट २०१५ ला पन्नास कोटींच्या आतल्या व्यापाऱ्यांची एलबीटी माफ झाली. पन्नास कोटींपासून आमचं दुकान सुरक्षित अंतरावर आहे. दोन वर्षं चार महिने! त्या चौकटीचं पॉलिश अजून नवंकोरं आहे.

वजनमापांची फ्रेम छोटी, पण अण्णांच्या विशेष मर्जीतली. इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी पास करून घ्यावा लागतो. आजोबांनी यातला सगळ्यात मोठा बदल पाहिला: १९५८ पासून शेर, छटाक जाऊन किलो-ग्रॅम आले. आजी सांगायची, आजोबा वर्षभर झोपेत भागाकार करत होते. जुना शेर साधारण ९३३ ग्रॅमचा. सरकारनं शेर मारला, पण पावशेर काही मेला नाही. मंडईत आजही लोक पावशेर मिरच्या मागतात आणि २५० ग्रॅम घेऊन जातात. खरा पावशेर २३३ ग्रॅमचा. म्हणजे ६०-६५ वर्षं पुणेकर गिऱ्हाईक दर पावशेरामागे सतरा ग्रॅम फायद्यात आहे, आणि तरी "जरा वरती टाका की" म्हणतं.

अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर, व्यवसाय कराचा दाखला, अशा काही फ्रेमा रंगाऱ्यानं भराभर काढल्या. अण्णा प्रत्येक फ्रेम फडक्यानं पुसून तांदळाच्या पोत्यावर मांडत होते. त्या पोत्यालाही स्वतःची कथा आहे. १८ जुलै २०२२ पासून पॅकबंद, लेबलवालं २५ किलोपर्यंतचं तांदळाचं पोतं असेल तर पाच टक्के जीएसटी. त्याच्या वर गेलं की नाही. मग बाजारात २६ किलोची पोती आली. वरचा एक किलो तांदूळ खाण्यासाठी नसून तत्त्वासाठी आहे, असं मी गिऱ्हाइकांना समजावतो.

प्लास्टिकबंदीची फ्रेम नाही, पण त्या आठवड्याचा उल्लेख केल्याशिवाय अण्णा मला जेवू देणार नाहीत. २०१८ च्या २३ जूनपासून दंड सुरू झाला, पहिल्या खेपेला पाच हजार. आदल्या रात्री मी पिशव्या माळ्यावर टाकल्या आणि सकाळी हातात साखर घेऊन उभा राहिलो. कशात देऊ? अण्णांनी मला कोपरानं बाजूला सारलं. रद्दीचा कागद घेतला, दोन घड्या, एक पीळ, वरून लोंबणारा दोरा खेचला, सर्रकन वेढे, आणि पुडा तयार. त्यांनी तीस वर्षांत पुडा बांधला नव्हता. गिऱ्हाइकं मोबाइलवर व्हिडिओ काढत होती. थोड्याच दिवसांत किराणा बांधून देण्यापुरती सूट आली आणि पिशव्या खाली उतरल्या, तेव्हा अण्णा दोन दिवस जेवणात मीठ कमी असल्याची तक्रार करत होते. मीठ बरोबर होतं.

२०२५ साली तर ऐन घटस्थापनेला, २२ सप्टेंबरला, दर उतरले. साबणाची वडी, शाम्पू, टूथपेस्ट १८ वरून ५ टक्क्यांवर. सकाळी सातला गिऱ्हाईक पेपर घेऊन दारात. "आजपासून स्वस्त ना?" आमचा माल १८ टक्के भरून आणलेला, आणि कॉम्पोझिशनवाल्याला भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही. हे टूथपेस्ट घ्यायला आलेल्या माणसाला, दात न घासलेल्या अवस्थेत, समजावून सांगून बघा.

कॉम्पोझिशन म्हणजे एक टक्का कर भरा आणि सुखी राहा, अशी योजना. त्यातली एक अट: 'कॉम्पोझिशन टॅक्सेबल पर्सन' असं पाटीवर लिहायचं. त्यात मराठी पाट्यांचा नियम २०२२ पासून दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही लागू झाला. देवनागरी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको. आमची पाटी पहिल्यापासून मराठीच, त्यामुळे मी निर्धास्त होतो. पण पाटी रंगवणाऱ्याला शंका आली. हे तीन शब्द देवनागरीत काढले तर ते मराठी होतात का? आम्ही तिघांनी चहा घेतला आणि होतात असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी एक कॉलेजचा मुलगा अण्णांना विचारून गेला, "आजोबा, तुम्ही चाली लावता?"

संध्याकाळी भिंत रंगून झाली. पिस्त्याचा हलका रंग. आजोबांनंतर पहिल्यांदाच ती सबंध दिसत होती आणि खरं सांगतो, बरी दिसत होती. अण्णाही पाच मिनिटं गप्प बसून बघत राहिले. मला आशा वाटू लागली.

"लक्ष्मी कुठे लावायची?" रंगाऱ्यानं विचारलं.

"तिचं नंतर बघू," अण्णा म्हणाले. "आधी गुमास्ता."

जुना लागला, पावती लागली, विक्रीकर, व्हॅट, जीएसटी, सागवानी एलबीटी मधोमध. बारा झाल्या. आजोबांना कोपऱ्यात दाटीवाटीनं जागा मिळाली. लक्ष्मी आता फ्रीजवर आहे, तात्पुरती.

हिशेब करून पैसे दिले. रंगारी मात्र निघेना. डबे उचलले, परत ठेवले. भिंतीकडे एकदा पाहिलं आणि हळूच म्हणाला, "शेठ, एक विचारू? मी आता चार पोरं हाताखाली घेऊन स्वतःची कामं धरतोय. टेम्पोला कर्ज हवं होतं. बँकवाला म्हणतो गुमास्ता आण. तो कुठं मिळतो?"

मी त्याच्या हातातले डबे काढून घेतले, स्टूल पुढं सरकवलं आणि दोन चहा सांगितले. अण्णा म्हणाले, "तीन सांग."