बंदरात पैसा कुणाचा, आणि नकाराचा अधिकार कुणाचा?

न्हावा शेव्याच्या रस्त्यावर ट्रेलरचालकाच्या हाती फॉर्म १३ (कंटेनर बंदराच्या गेटातून आत नेण्याचा कागद) ठेवला की तो एवढेच विचारतो, "जीटीआय की पीएसए?" पहिल्या टर्मिनलमध्ये डेन्मार्कच्या मर्स्क समूहाचा मोठा हिस्सा, दुसरे सिंगापूरचे, शेजारी दुबईच्या डीपी वर्ल्डचे, त्याच्या लेखी ही नुसती गेटची नावे. २००६ साली डीपी वर्ल्डने ब्रिटनची पी अँड ओ घेतली, तेव्हा इथले टर्मिनल गाजावाजा न होता दुबईकडे गेले. त्याच व्यवहारात आलेल्या अमेरिकेतील टर्मिनलांवरून मात्र तिथल्या संसदेत एवढे वादळ उठले की कंपनीला ती विकून मोकळे व्हावे लागले.

बंदरात परका पैसा येणे नवे नाही, त्याला नकार देता येतो का हा प्रश्न आहे. म्हणूनच 'कर्ज फिटले नाही म्हणून चीनने श्रीलंकेचे हंबनटोटा गिळले' हे ठरीव वाक्य मला पटत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये श्रीलंकेने हे बंदर चायना मर्चंट्स या चिनी सरकारी कंपनीला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले आणि सुमारे ११२ कोटी डॉलर घेतले. पण ती रक्कम आटत चाललेल्या परकीय गंगाजळीत गेली आणि बंदरासाठी चीनच्या एक्झिम बँकेकडून काढलेले कर्ज सरकारच्या डोक्यावर तसेच राहिले. एकूण परकीय कर्जात मोठा वाटा होता तो खासगी बाजारात विकलेल्या डॉलर-रोख्यांचा, ज्यांची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही.

मला काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. हंबनटोटाची सुरक्षा कागदोपत्री श्रीलंकेच्या नौदलाकडेच आहे. तरीही ऑगस्ट २०२२ मध्ये उपग्रह आणि क्षेपणास्त्रांचा माग काढू शकणारे चिनी जहाज 'युआन वांग ५' तिकडे निघाले, भारताने चिंता कळवली, कोलंबोने चीनला भेट पुढे ढकलण्याची विनंती केली आणि अखेर १६ ऑगस्टला ते जहाज धक्क्याला लागलेच. श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाल्याला तेव्हा जेमतेम महिना झाला होता आणि पेट्रोलसाठी रांगा लागल्या होत्या. अशा सरकारने कुणाला नकार द्यायचा?

याच खेळात आपणही आहोत. कोलंबोचे ईस्ट टर्मिनल २०२१ मध्ये कामगार संघटनांच्या विरोधामुळे भारत-जपानच्या हातून निसटले, मग वेस्ट टर्मिनलमध्ये अदानींना ५१ टक्के मिळाले. त्याच बंदरात चायना मर्चंट्सचे टर्मिनल आधीपासून आहे. दोघांनाही जागा देऊन श्रीलंका तोल सांभाळते आहे, आणि यात मला लबाडी दिसत नाही. २०२४ मध्ये तिने वर्षभरासाठी परदेशी संशोधन जहाजांना मनाई केली, ती सरसकट सगळ्यांना, चीनचे नाव न घेता.