‘चाकू लागला की कॅन्सर पसरतो’ आणि घशाच्या कॅन्सरबद्दलचे इतर समज

एक मेसेज फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: घशाच्या कॅन्सरला सुई-चाकू लावू नका, लावला की तो पसरतो. ऑपरेशन झालेला माणूस दोन वर्षांच्या वर काढत नाही. चौथी स्टेज म्हटली की सोडून द्या. सर्जनने गाठ पूर्ण काढली असेल तर वर रेडिएशन कशाला? साखर-दूध तोडा, गाठ उपाशी मरेल. आणि तंबाखू आता सोडून काय उपयोग, व्हायचं ते झालं.

यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात कुठेतरी खऱ्याचा एक कण आहे. म्हणूनच ते पटतं आणि म्हणूनच ते धोक्याचं आहे.

‘सुई-चाकू लागला की पसरतो.’ दुर्बिणीतून घशातला तुकडा घेणं किंवा मानेतल्या गाठीतून बारीक सुईने पेशी काढणं, यामुळे रोग पसरेल ही भीती व्यवहारात धरू नये. तपासणीशिवाय उपचारच ठरत नाहीत. खऱ्याचा कण दुसरीकडे आहे. घशात मूळ रोग कुठे आहे हे न पाहता मानेवर चीर देऊन गाठ परस्पर काढून टाकली, तर तिथले थर व्रणाने चिकटतात आणि नंतरची खरी शस्त्रक्रिया अवघड होते. म्हणून क्रम असा: आधी दुर्बिणीने घसा, मग गाठीला सुई, चीर शेवटी. ऑपरेशननंतर काही महिन्यांत रोग दुसरीकडे दिसला, तर त्या पेशी बहुधा आधीच तिथे पोचलेल्या असतात. स्कॅनमध्ये दिसण्याइतक्या मोठ्या झालेल्या नसतात, इतकंच.

‘दोन वर्षांत जातो.’ कुठल्या घशाबद्दल बोलतो आहोत, हे आधी सांगावं लागेल. स्वरतंतूवरची गाठ लहान असतानाच आवाज बसवते, आणि तिथे लसिकावाहिन्या (ज्यांतून कॅन्सरच्या पेशी मानेतल्या गाठींकडे जाऊ शकतात अशा बारीक नळ्या) विरळ असतात. त्यामुळे ती लवकर सापडते आणि मानेत उशिरा जाते. पहिल्या टप्प्यातल्या अशा गाठीत 10 पैकी सुमारे 9 जणांचा रोग पाच वर्षांनीही आटोक्यात असतो. स्वरतंतूंच्या वरच्या भागात लसिकावाहिन्यांचं दाट जाळं असतं, म्हणून तिथला रोग मानेच्या दोन्ही बाजूंना लवकर जातो. अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेला खालचा घसा सर्वांत अवघड. गिळताना टोचणं किंवा एका कानात दुखणं एवढ्यावर महिने निघून जातात. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाचा एचपीव्ही विषाणूमुळे झालेला कॅन्सर मात्र तंबाखूमुळे झालेल्यापेक्षा उपचारांना बराच चांगला प्रतिसाद देतो. त्यासाठी त्या जागेच्या गाठीची पी-16 तपासणी (कॅन्सर एचपीव्हीमुळे आहे का, हे सुचवणारी) झाली आहे ना, हे विचारावं.

दोन वर्षांचा आकडा आला कुठून? रोग उलटायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांतच उलटतो. म्हणजे ती वर्षं निर्धोक पार पडली की धोका झपाट्याने उतरतो. मेसेजमध्ये हे नेमकं उलटं झालं आहे.

‘चौथी स्टेज, सोडून द्या.’ पोटाच्या किंवा फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये चौथी स्टेज ऐकली की रोग दूरच्या अवयवात गेला असं लोक धरतात, आणि बहुधा ते बरोबर असतं. डोकं-मानेच्या बहुतेक कॅन्सरमध्ये (एचपीव्हीचा घशाचा कॅन्सर हा अपवाद) चौथ्या टप्प्याचे तीन भाग आहेत: ‘ए’, ‘बी’ आणि ‘सी’. दूर पसरलेला तो ‘सी’. स्वरयंत्राच्या कूर्चेबाहेर आलेला, पण काढता येण्याजोगा रोग ‘ए’मध्ये बसतो, आणि त्याचं ऑपरेशन बरं करण्याच्याच हेतूने होतं. रिपोर्टवर ‘चार’ वाचून घरी परतण्याआधी पुढचं अक्षर वाचा.

‘सगळं काढलं, मग रेडिएशन कशाला?’ सर्वांत जास्त नुकसान या वाक्याने होतं. सर्जनला दिसलेलं सगळं निघालं, हे खरंच असतं. न दिसणाऱ्याचा हिशोब पॅथॉलॉजी रिपोर्ट (काढलेल्या भागाची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी) देतो. तो हातात आला की पुढच्या गोष्टी शोधा.

कडा, म्हणजे गाठीभोवती काढलेला निरोगी भाग, किती मिलिमीटर मोकळी आहे? साधारण 5 मिलिमीटर किंवा जास्त असेल तर समाधानकारक. त्याहून कमी म्हणजे जवळची. कडेवरच पेशी असतील तर धोक्याची. (स्वरतंतूवर लेसरने काढलेल्या लहान गाठीत 1-2 मिलिमीटरही चालतात, तिथे हा नियम लावून घाबरू नये.) मानेच्या ऑपरेशन केलेल्या बाजूतून किती लसिका गाठी तपासल्या आणि किती बाधित निघाल्या? 18 पेक्षा कमी गाठी मोजल्या असतील तर ‘मान स्वच्छ’ या निष्कर्षावर तितका भरवसा ठेवता येत नाही. बाधित गाठीचं कवच फोडून रोग बाहेर आला आहे का? नसेभोवती किंवा रक्तवाहिनीत पेशी दिसल्या का?

यातल्या दोन गोष्टी, कवच फुटणं आणि कडेवर पेशी असणं, भवितव्य सर्वांत जास्त बिघडवतात. 2004 साली युरोप आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. त्यांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसलं की याच दोन गटांना किरणोपचारासोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध दिल्याचा फायदा होतो. किरणोपचाराची मात्रा बहुधा 60 ते 66 ग्रे (ग्रे हे मात्रेचं माप) असते. आठवड्याचे पाच दिवस, सहा-साडेसहा आठवडे.

आणि इथे घड्याळ चालू असतं. ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत किरणोपचार सुरू व्हावेत. ऑपरेशनच्या दिवसापासून शेवटच्या किरणापर्यंतचा काळ 13 आठवड्यांच्या पुढे गेला तर रोग उलटण्याचं प्रमाण वाढतं. उशीर होतो तो ठरावीक कारणांनी. पहिलं कारण दात: किडलेले दात रेडिएशनच्या तोंडावर काढले तर जखम भरायला दोन आठवडे जातात, म्हणून ते ऑपरेशनच्या आधी किंवा त्याच भुलीत काढून घ्यावेत. दुसरं, फिस्च्युला: शिवलेल्या घशातून लाळ मानेच्या जखमेत झिरपते. आधी रेडिएशन झालेल्यांत, कुपोषितांत आणि थायरॉईड कमी असलेल्यांत हे जास्त होतं. तिसरं कारण हा मेसेज.

‘गाठ उपाशी मारा.’ उपाशी मरतो तो माणूस. गाठ शरीरातून आपला वाटा काढून घेतेच. सहा महिन्यांत 10 टक्क्यांहून जास्त वजन उतरलेल्या रुग्णाची जखम उशिरा भरते, जंतुसंसर्ग वाढतो, रेडिएशन मध्येच थांबवावं लागतं. रोज किलोमागे साधारण 30 कॅलरी आणि 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात. 60 किलोच्या माणसाला हे 1800 कॅलरी आणि 72 ते 90 ग्रॅम प्रथिनं होतात. तोंडाने जात नसेल तर नाकातून नळी. नळी म्हणजे ‘शेवट आला’ नव्हे. फार खंगलेल्या रुग्णाला ऑपरेशनच्या आधी 7 ते 14 दिवस पोषण देणंही योग्य ठरतं, मात्र सुरुवात हळू हवी आणि पोटॅशियम, फॉस्फरस तपासत राहावं. एकदम भरपूर भरलं तर ते धोकादायक पातळीला घसरतात. मधुमेह असेल तर साखर नियंत्रणात ठेवायची, ती जखमेसाठी.

‘आता तंबाखू सोडून काय उपयोग?’ धूम्रपान चालू ठेवलं तर किरणोपचाराचा परिणाम घटतो, जखम चिघळते आणि तोंड, अन्ननलिका किंवा फुप्फुसात दुसरा, नवा कॅन्सर होण्याचा धोका कायम राहतो. दारूचंही तसंच. निदानानंतर सोडलेलीही कामाला येते.

भेटींचं वेळापत्रक साधारण असं: पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दोन ते सहा महिन्यांनी, पुढे पाच वर्षांपर्यंत चार ते आठ महिन्यांनी. मानेला रेडिएशन झालं असेल तर दर 6 ते 12 महिन्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी. मानेत नवी गाठ, एकाच कानात दुखणं, थुंकीत रक्त, गिळताना नव्याने अडकणं किंवा आवाजात बदल, यांपैकी काहीही दोन-तीन आठवडे टिकलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. श्वास कोंडायला लागला तर त्याच दिवशी जावं.